पाचावरचं टिंब

दोंडाईच्यात स्टेशनरोडला माझं काउंटर,
तीन फूट बाय दोन,
वर छत्री, खाली कव्हरांचा ढीग.
फोन मी विकत नाही. फोन विकतो समोरचा एसीवाला.
विकलेल्या फोनचं ऐकून घेणं माझ्याकडे.

या दिवाळीत एकच मॉडेल गावभर गेलं.
निळं, पाठीवर तीन डोळे,
पुढून नुसती काच.

हिलाल गिरासे म्हणाले, झकास आहे,
फक्त ऊन लागतं त्याला.
फाल्गुनातच म्हणतो, आधी मला थंड होऊ द्या.
“आम्हले कोन थंड व्हऊ देस?”
आता दुपारभर फोन माठाखालच्या ओल्या वाळूशेजारी
आणि हिलालआबा खळ्यावर.

निकम सरांची तक्रार वेगळी.
कॅमेऱ्यानं मुलीला परस्पर गोरं केलं.
ही माझी नाही, सर म्हणाले.
मी सेटिंग बंद करून दिली.
संध्याकाळी मुलगी एकटी आली
आणि चालू करून घेऊन गेली.
दहा रुपये मी दोघांकडूनही घेतले.

भटूनं फोनला तोंडी मजकूर सांगितला:
“तात्या, मोटर चालू शे, तू झोप.”
फोननं लिहिलं: तात्या मोटर चालू असे तुझं ओझं.
तात्या रात्री दोनला बॅटरी घेऊन शेतात हजर,
कोण कोणाचं ओझं ते विचारायला.

कोल्ड स्टोरेजचा वॉचमन रमजान पिंजारी
तक्रार करत नाही, नुसतं सांगतो:
जुन्या फोनला पाचावर एक टिंब होतं.
अंधारात, खिशातल्या खिशात,
टिंबाच्या वर, टिंबाच्या उजवीकडे,
असं चाचपत मी घरी फोन लावायचो.
आता सगळीकडे सारखंच गुळगुळीत.
वरची बाजू कुठली, खालची कुठली,
हाताला काही कळत नाही.

आणि सुपडाबाई.
पथारीवरून येतात, दिवसभर मिरचीचे देठ खुडून.
त्यांच्या आधी मला शिंक येते.
पदराच्या गाठीत फोन, काचेवर लाल भुकटी.
“मना हात वळखत नही रे भाऊ, हाऊ फोन.”

अंगठा ठेवला. नाही.
शेजारचं बोट. नाही.
दहाही झाली.
दर वेळी काच थरथरली, पुन्हा प्रयत्न करा म्हणाली.
मी हात उलटा करून पाहिला.
रेषा तळव्यावर होत्या, भरपूर.
पेरांवर एकही नाही.

लॉक मुलीच्या बोटाचं.
मुलगी नाशिकला, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
माझ्या फोनवरून तिला विचारला पिन.
चार शून्यं, ती म्हणाली,
आईला तेवढं ओळखता येतं.

मी ड्रॉवरमधून बटणांचा एक जुना काढला.
सहाशेला देतो, म्हटलं, पडला तरी मरणार नाही.
त्यांनी हातात घेतला, वजन पाहिलं,
पाचावरच्या टिंबावरून बोट फिरवलं, दोनदा.
मग अलगद काउंटरवर ठेवला.
“ह्यामा पोर दिसत नही.”

आणि वाकवलेल्या बोटाच्या हाडानं,
बंद दारावर वाजवतात तसं,
शून्यावर चार वेळा टकटक केलं.
उघडलं.
मुलीचा फोटो दाबला, तोही हाडानंच.
थोडा वेळ नुसतं गोल गोल फिरत राहिलं.
मग मुलगी आली,
होस्टेलच्या जिन्यात उभी, केस ओले.
पहिलंच वाक्य: आई, लांब धर ना,
नुसतं कपाळ दिसतंय तुझं.

सुपडाबाईंनी फोन लांब धरला.
इतका लांब, की रस्त्यावरची रिक्षा थांबली.

मी काउंटर पुसत राहिलो.
त्याच फडक्यानं, सवयीनं, डोळाही पुसला.
अंधार पडेपर्यंत पाणी थांबलं नाही.
पुढच्या गिऱ्हाइकानं विचारलं, काय झालं हो?
ब्राइटनेस, मी म्हटलं.
या नव्या मॉडेलचा ब्राइटनेस
जरा जास्तच आहे.