आठ नंबर

शुक्रवारी पहाटे चारला
दीड गल्लीत बॅटरीच्या उजेडात जुने जोडे विकतात.
उजेड जोड्यावर पडतो, माणसावर नाही.
विकणाऱ्याचा चेहरा कुणी बघत नाही,
घेणारीचाही.

आठ नंबरचे पाय माझे.
शाळेत कवायतीच्या बाई म्हणायच्या, फावडी.
बघायला आले तेव्हा आत्या कुजबुजली,
पाय निऱ्यांत घे गं.
घेतले. तरी नाहीच जमलं.
मग तीस वर्षं गोदीच्या कचेरीत
पुरुषी सॅंडल घालून पावत्या फाडल्या.
दुकानदार विचारायचा, साहेबांसाठी का?
मी म्हणायची, हो, साहेबांसाठीच.

नसरूच्या ताडपत्रीवर सगळे जोडे आडवे पडलेले,
हे दोनच उभे.
गुडघ्याखाली येणारे, चिंचेच्या कोळासारखा रंग,
नळीवर पांढऱ्या दोऱ्याच्या ज्वाळा,
टाच आतल्या अंगाला कललेली,
जणू निघता निघता काही आठवलं म्हणून थबकलेली.
'काऊबॉय,' नसरू म्हणाला,
आणि सात बोटं दाखवली.
सातशे.
मी पायाआधी हात घातला आत.
तळाशी कुणाच्या तरी बोटांचे खळगे होते,
पाचच्या पाच,
गुळगुळीत, पाट्याच्या मध्यासारखे.
बोटं मोजून परत काढली
आणि घासाघीस न करता पैसे दिले.
नसरूला त्याचंच वाईट वाटलं.

भायखळ्याच्या पुलाखाली सखाहरीनं ते उलटे केले
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
मग नखानं तळव्याची कड टोकरून म्हणाला,
बाई, लाकडी खिळे आहेत, लोखंडी नव्हे.
चामडं भिजलं की हेही फुगतात,
सुकलं की हेही सुकतात, भांडण नाही.
असं काम आता कोण करतं!
उजव्याची टाच मागून झिजलेली दिसली त्याला.
हा घोड्यावर बसला नाही कधी, म्हणाला,
ह्यानं ट्रक चालवलाय. टाच टेकून, जन्मभर.
मला बरं वाटलं.
घोड्याचं मला काही कळत नाही,
ट्रक मी तीस वर्षं मोजलेत.

पायातली वहाण पायातच बरी, म्हणतात.
मी आठवडाभर शोकेसमध्ये ठेवली,
कपबशांच्या शेजारी.
शेवटी एका रविवारी कान धरले दोघांचे,
त्यांना ओढायला खरंच कान असतात,
आणि दात आवळून पाय आत ढकलला.
आत हवेचा एक हुंकार झाला.
बसला.
आयुष्यात पहिल्यांदा काही बसलं
ज्याला मी माफी मागितली नाही.

सुती साडी, खाली बूट.
माझगावच्या उतारावर टाच वाजत होती,
टक, मग जरा थांबून टक,
कुत्री उठून बसली,
फ्लोरी डिमेलो खिडकीतून ओरडली,
कुठं निघालीस गं, दरोड्याला?
मी भाजी आणायला निघाले होते.
वांगी घेतली, कोथिंबीर फुकट मागितली, मिळाली.

काढताना मात्र एकटीचं काम नव्हे.
फ्लोरीचा नातू दोन्ही हातांनी टाच धरून ओढतो
आणि बुटासकट मागे पडतो, रोज हसतो.
तो नसला की पाटाला खाच पाडून घेतलीय तीत अडकवते.
आषाढात बुरशी धरते, पांढरी, साखरेसारखी.
कोरड्या फडक्यानं पुसते,
सखाहरीनं दिलेलं मेण लावते,
आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबते.

रात्री दाराशी उभे असतात.
परवा सिलिंडरवाला एकदम हळू आवाजात बोलायला लागला.
साहेब आहेत वाटतं घरात?
म्हटलं, आहेत. दमलेत जरा.

पागडीच्या खोलीत जुन्या भाडेकरूचा
एखादा खिळा भिंतीत राहून जातो,
आपण त्यावर काही टांगत नाही, उपटतही नाही.
चार खळगे आता माझे झालेत.
डाव्या करंगळीचा अजून त्याचाच आहे,
माझी करंगळी तिथवर पोचत नाही.
बोळा कोंबताना तेवढी जागा
मी रिकामी ठेवते.