चवीपुरतं

"रश्शात तीळ आहेत का?"
वेटर हसतो. "चवीपुरतं असत्यात की ताई,
काय हुतंय तेवढ्यानं!"

तेवढ्यानंच, दादा.
तेवढ्यानंच गेल्या मे महिन्यात
निहारचे डोळे सुजून मिटले होते.

आतून आचारी येतो, खांद्यावर फडकं.
"आमच्या धाकटीला शेंगदाणा चालत न्हाई,"
एवढंच बोलतो,
आणि मला मोरीपाशी उभं करून
तवा तीनदा घासतो.
तेलाची नवी पिशवी दातानं फोडतो.
अंडं. मीठ. बस्स.

निहार खातो, घरच्या चमच्यानं.
मी घड्याळ बघते.
दहा मिनिटं. पंधरा.
"जीभ दाखव."
पिवळी, नुसत्या बलकाची.

तीन टेबलं सोडून त्याचा बाप
अनोळख्यासारखा तांबडा ओरपतोय,
नाक पुसत
लांबूनच भुवया उडवतो:
बरंय ना?