पाना बोलला का?

मणेराजुरी फाट्यावर
दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात मी लागलो
तेव्हा त्यांचे दोन्ही कान गेले होते,
तीस वर्षं हवेच्या गनच्या घरघरीत.
टॉर्क पाना मी ओढायचा,
त्यांनी विचारायचं, "बोलला?"
"बोलला."
"पुढचा. शेजारचा न्हवं, समोरचा."

चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे,
जॅक नंतर.
हवेतल्या चाकाशी भांडू नये, ते नुसतं फिरतं.
पान्याला पाइप घालून वर उभे राहणारे ड्रायव्हर आले
की मिस्त्री बोट करायचे खिडकीकडे:
तिथे एक तुटका स्टड,
पडलेल्या दातासारखा जपलेला.

बेदाण्याच्या दिवसांत
ज्योतिरामची पिकअप आली. मागचं डावं चाक.
पाच नट, आकडा एकशे दहावर.
चार बोलले, कट्, कट्, कट्, कट्.
पाचव्याला
सावळजची शेवटची एसटी फाट्यावर हॉर्न द्यायला लागली.
"बोलला?"
"बोलला," मी म्हणालो.
पाना गप्प होता.

त्या रात्री अंथरुणात पडून
ती पिकअप मीच चालवली मिरजेपर्यंत.
प्रत्येक गतिरोधकावर उतरलो,
अंधारात नट चाचपले,
कधी चार भरायचे, कधी सहा.

सकाळी ज्योतिराम आला. शिट्टी वाजवत.
पन्नास किलोमीटर झाले की परत दाखव,
असं मिस्त्रींनी त्याला बजावलं होतं.
त्या दिवशी पाना त्यांनी माझ्या हातात दिला नाही.
चार नट हलले नाहीत.
पाचवा फिरला.
फिरतच राहिला, जवळजवळ अर्धा फेरा,
मग कट्.
मला ऐकू आलं. त्यांना नाही,
पण मनगट क्षणभर थांबलं.

"बसत्यात नट," ते ज्योतिरामला म्हणाले,
"गाडी चालली की बसत्यात. म्हणून तर बोलावतो."
माझ्याकडे बघितलं नाही.
चहा मात्र त्या दिवशी
तेच घेऊन आले टपरीवरनं, तीन कप, तारेच्या स्टँडात.

संध्याकाळी पाना पुसून माझ्यापुढे धरला.
"खाली उतरव आकडा.
ताणून ठेवली की स्प्रिंग खोटं बोलायला लागती."

मी मूठ उलटी फिरवत बसलो,
एकशे दहा, नव्वद, सत्तर.
बाहेर सावळजची एसटी
थांबली, हॉर्न दिला,
गेली.