यवतेश्वर घाट, दुसरा गिअर

गाडी शहाण्णवची. रंग, कागदोपत्री, निळा.
तिसऱ्या वळणावर काटा लालात शिरायचा
आणि मी काचा खाली करून
ऐन मे महिन्यात हीटर लावायची,
इंजिनाचा ताप स्वतःच्या पायांवर घ्यायची.
शकुताई पदराने वारा घेत म्हणायच्या,
अगं, ही गाडी की चूल?

थर्मोस्टॅट बदलला. रेडिएटर खोलून साफ करून आणला.
वॉटर पंप नवा. झाकण नवं, तेही दोनदा.
डिकीत पाण्याचे दोन कॅन, कायमचे.
भावजी म्हणाले, वहिनी, भंगारात द्या आता,
सत्तावीस हजार येतील.
मी म्हटलं, तुमचं बीपी वाढलं
तेव्हा आम्ही भाव काढला होता का?

दस्तगीर शिकलगारचं गॅरेज कोडोलीत,
एमआयडीसीच्या भिंतीला टेकून.
त्याने बॉनेट उघडलं आणि कशालाच हात लावला नाही.
इंजिन तापू दिलं. पंखा सुरू झाला.
मग पेपरचं एक पान फाडून, वधू-वर सूचकचं,
गाडीच्या पुढून जाळीला धरलं.
चिकटायला हवं होतं.
पान उडालं, त्याच्या छातीवर येऊन बसलं.

"बाई, पंखा उलटा फिरतोय."

कुणीतरी, कधीतरी,
लाल वायर काळीच्या जागी जोडली असणार.
सात वर्षं समोरून येणारा वारा
आणि आतून ढकललेला वारा
त्या जाळीत एकमेकांशी भांडत होते,
आणि मी पाणी ओतत होते.
हायवेला बाहेरचा जिंकायचा.
घाटात, दुसऱ्या गिअरला, कुणीच नाही.
असं एक घर मी पाहिलंय. ते असो.

वायरी फिरवल्या. पान चिकटलं,
पण मरगळलेलं, घसरत घसरत खाली.
मीटर मीच घेतला त्याच्या हातातून.
बॅटरीवर साडेतेरा. पंख्यापाशी दहालाही कमी.
मधल्या मधे साडेतीन व्होल्ट कोण खातंय?
तो बघत राहिला.
टेलिफोन एक्स्चेंजला एकतीस वर्षं काढलीत, म्हटलं.

बारीक तार, डॅशबोर्डातून वळसा घेऊन आलेली,
जोडांवर हिरवा गंज.
ती काढली. बॅटरीपासून थेट, करंगळीएवढी जाड घातली,
वाटेत फ्यूज, आणि एक रिले.
रिले काय असतो हे मला सांगावं लागत नाही:
हुकूम छोटा, काम मोठं.
आमच्या हॉलमध्ये हजारो होते.
रात्रपाळीला मेढ्याचा, दहिवडीचा कॉल लागायचा
तेव्हा पत्र्यावर ज्वारी सांडावी तसे वाजायचे.
मग नवी यंत्रणा आली, कपाटं आली, एसी आला.
हॉल गप्प झाला.
ती पहिली रात्र मी पाय वाजवत बसले होते.

दुसरा पंखा कराडच्या भंगारातून, चारशे रुपयांना.
तेलाचा डबा कापून दस्तगीरने भोवती पत्रा बसवला,
फटीत फोम कोंबला.
"नाहीतर वारा चोरवाटेनं पळतो, बाई.
जाळीतनंच गेला पाहिजे."
पान आता असं चिकटलं
की एका वराची उंची, पगार, गोत्र
जाळीवर छापल्यासारखं वाचता आलं.

रविवारी मुद्दाम साडेबाराला निघालो.
तिसऱ्या वळणावर गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच.
खाली सातारा उन्हात पांढरा पडलेला,
अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर थरथरताना दिसत होता.
काटा निम्म्यावर आला. थोडा वर गेला.
शकुताईंचा हात सवयीने हीटरच्या बटणाकडे गेला,
मी तो धरला.

टक्.

आणि दोन्ही पंखे एकदम.
काट्याने जरा विचार केला, मग उतरायला लागला.

काय झालं गं? शकुताई म्हणाल्या.
कॉल लागला.
कुणाचा?
मी गिअर टाकला. अजून पाच वळणं होती.