प्लास्टरचं डोकं

कुताइसीच्या थिएटरात, तळघरातल्या टोपांच्या खोलीत
माझं एक डोकं आहे.
एकोणतिसाव्या वर्षाचं.
मुखवट्याला साचा हवा होता, म्हणून ओतिआनं
नाकात दोन काड्या खुपसून
वीस मिनिटं मला प्लास्टरखाली गाडलं होतं.
‘हसू नकोस, त्सिआला, आत्ता हसलीस की कायमची हसशील.’
मी हसले नाही.
डाव्या कोपऱ्यात थोडं राहून गेलंच.

आज तेच डोकं पुढ्यात घेऊन बसलाय तो,
नव्या पोरीचा टोप विंचरत.
लिले नाव तिचं. बावीस वर्षांची.
डोकं नेमकं माझ्या मापाचं निघालं.
ओतिआनं टेप माझ्याही कपाळाभोवती फिरवली : पंचावन्न.
तेव्हाही पंचावन्न, आताही.
‘बघ,’ म्हणाला, ‘काही बदललं नाही तुझं.’
म्हातारा कधीकधी इतकं गोड खोटं बोलतो
की वाटतं, स्टेजवर यानंच जायला हवं होतं.

मी देखणी नव्हतेच.
पहिल्या दिग्दर्शकानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं,
हिचं नाक आधी येतं, मग मागून ही येते.
तर मी नाकाला पुढे पाठवायला शिकले,
आणि मागून सावकाश यायला.
एवढीच माझी कला. बाकीचं सगळं ओतिआच्या डब्यातलं.

एकतिसाव्या वर्षी मला आई केलं,
माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या माणसाची.
तो रोज रात्री माझ्या मांडीवर मरायचा
आणि त्याच्या तोंडाला लसणाचा वास यायचा.
मी रडायचे ते खरं असायचं.
अर्धं लसणाचं.
उरलेलं कशाचं, ते मी कधी तपासलं नाही.

म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात,
पैशाचं आणता येत नाही.
आम्ही तेही आणलं.
वीज नव्हती त्या हिवाळ्यात,
प्रेक्षक ओव्हरकोटात, आणि माझ्या तोंडची वाफ
रॉकेलच्या दिव्यापुढे जरीसारखी.
मी राणी. पोटात उकडलेला घेवडा.
मध्यंतरात एका बाईनं
माझ्या हातात दोन अंडी ठेवली
आणि गुडघा वाकवला, राणीपुढे वाकवतात तसा.
अंडी कोमट होती. तिच्या खिशानं.

गेल्या मंगळवारी बाजारात, जर्दाळूंच्या ढिगापाशी,
एक अनोळखी बाई गळ्यात पडली.
तुम्ही माझी आई झाला होतात, म्हणाली,
त्या नाटकात,
ती गेल्यावर दोन महिन्यांनी.
तिला थोपटताना माझा तळवा
तिच्या पाठीवर जिथे थांबला, ती जागा
मला तालमीत चौदा दिवस शोधून सापडली होती.
लाज वाटली.
पण हात काढला नाही.
दुसरा हात आणायचा कुठून?

घरी आरसा एकच ठेवलाय,
बेसिनवर, दात घासण्यापुरता.
त्यातल्या बाईला संवाद नाहीत.
फेस थुंकते, दिवा घालवते.
भूमिका लहान आहे,
पण एकही प्रयोग रद्द नाही झाला अजून.

लिले आली. ओला कोट काढता काढता
प्लास्टरकडे बघून तिनं विचारलं, कोण ही?
ओतिआ माझ्याकडे बघेना.
मी म्हटलं, असेल कुणीतरी इथलीच, जुनी.
‘एकाच बाजूनं हसतेय,’ ती म्हणाली.
ओतिआनं टोप चढवला, नीट ओढून घेतला,
ओठांतली टाचणी काढून
कानशिलापाशी दाबली,

आणि माझा हात
माझ्या कानशिलाकडे गेला.