टाचण्या

भोईवाड्याच्या नाक्यावर, रसवंतीला लागून,
दहा बाय आठचं माझं दुकान.
पाटीवर 'वृंदा लेडीज टेलर',
पण गल्लीत पत्ता सांगतात तो असा:
ती तिखट जिभेची बाई आहे ना, तिच्याकडे टाक.

मला आवडायचं ते.
शिलाई परवडत नाही म्हणणारीला मी म्हणायचे,
"मग पदर घट्ट धरा, ब्लाउज हवाय कशाला?"
तस्लीम हुक लावता लावता
मशीनवर डोकं टेकून हसायची.
बाकावरच्या दोघीतिघी हसायच्या.
जिला बोलले तीही हसायची बहुतेक वेळा.
न हसून जाईल कुठे? कापड माझ्याकडे.

उज्ज्वला धुरी. पावती तीनशे अठरा.
आमसुली रंग, काठ हिरवा.
जानेवारीत आली: "जरा आत घ्या."
घेतलं.
मार्चमध्ये आली: "अजून थोडं."
घेतलं.
एप्रिलात तोच ब्लाउज, तीच पिशवी,
"डावीकडून तेवढं..."
ऊन मी म्हणत होतं,
लग्नसराईचे बावीस ब्लाउज डोक्यावर.
मी म्हटलं,
"धुरीबाई, आधी अंगाचं काय ते एकदा ठरवा,
मग माझ्या दोऱ्याला त्रास द्या."

दुकान हसलं.
तीही हसली.
पिशवीची घडी घातली, घडीची घडी घातली,
ब्लाउज काउंटरवर ठेवला,
"पुढच्या आठवड्यात येते" म्हणाली.

दिवाळी झाली.
ब्लाउज हँगरवरच आहे.

तस्लीम म्हणते, "दीदी, रस्ता ओलांडला की टाटा हॉस्पिटल.
आणि ती डावीकडून म्हणाली होती."
मी म्हटलं, अर्धं परळ तो रस्ता ओलांडतं,
भाजी आणायलाही ओलांडतं.
मला खरंच माहीत नाही.
उपास धरले असतील. देवगडला गेली असेल.
दुसरा शिंपी गाठला असेल, कमी बोलणारा.
रात्री मात्र मी तिला वाटेल ते आजार देते
आणि सकाळी एकेक परत घेते.

मग वेगळंच काही टोचायला लागलं.
समजा, बाई ठणठणीत आहे.
समजा, नुसती बारीक झाली, हौसेने,
आणि आरशात बघून खूश होती त्या दिवशी.
मग माझं वाक्य बरं ठरतं का?
म्हणजे मी आधी रिपोर्ट मागणार होते,
आणि मग ठरवणार होते, नीट बोलायचं की नाही?

मामांनी मला कात्री धरायला शिकवलं.
सांगायचे, दोनदा माप, एकदा काप.
ते कापडाचं.
जिभेचं काही सांगितलं नाही,
त्यांचीही माझ्यासारखीच होती.
मामी जन्मभर गप्प असायच्या.
आम्हाला वाटायचं, स्वभाव.

एका दुपारी तो ब्लाउज उतरवला, शिवण उसवली.
काय करायचं होतं, सांगता येत नाही.
दोरा निघाला. भोकं राहिली,
तीन रांगा, एकीशेजारी एक.
पाणी मारलं, इस्त्री फिरवली, नखाने घासलं.
उजेडाकडे धरला तर अजून दिसतात.

हल्ली माप घेताना
मी टाचण्या ओठांत धरते, लागणार नसल्या तरी.
नेहमी जमतं असं नाही.
परवा चहावाल्या पोरावर एक सुटलंच,
तो कप न उचलताच गेला.
काल एक मुलगी आली, वीस-बावीसची,
पाठीवर बोट ठेवून म्हणाली, गळा इथपर्यंत.
वाक्य तयार होतं. धार लावलेलं.
तस्लीमने हातातला हुक थांबवला, वाट बघत.
बाकावरच्या बाईनेही मान वळवली.
टाचण्यांना लोखंडाची चव असते.
मी खडू घेतला, तिच्या पाठीवर बोट टेकवलं,
आणि भुवया उंचावून नुसतं विचारलं:
इथे? की अजून थोडा खाली?