सोळा बाय सोळा

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच
दिवस दुकानाचं शटर ओढतो.
लॅबमधून आले आणि कोट न काढताच
स्वयंपाकघरातल्या टेबलावर पॅनेल उलगडलं:
काळ्या लवचीक पट्टीवर दोनशे छप्पन्न दिवे,
एकेक मसुरीएवढा.
मला त्यात एकच अक्षर काढायचं होतं.
ळ.

सव्वीस वर्षं झाली इथे,
माझ्या आडनावातला ळ कुणाच्या जिभेवर टेकला नाही.
पिंगळे. पिंगल, पिंगली,
बँकेत एकदा नुसतंच पिंग.

वहीत चौकटी आखल्या.
शिरोरेघ सोळाच्या सोळा घरं बळकावून बसली.
खाली दोन वाट्या, मधे दांडी,
कशीबशी मावली.

फोनचा चार्जर जोडला,
आधी सगळे दिवे पांढरे करून पाहिले.
वरच्या ओळी चुन्यासारख्या,
खाली उतरता उतरता पांढरा गुलाबी होत गेला,
शेवटची ओळ विटकरी.
मी म्हटलं, किती सुंदर.

शेजारची एल्स्पेथ माझा डबा परत द्यायला आली होती.
डबा ठेवायच्या आधी तिने भिंतीवरचं बटण बंद केलं.
"सुंदर कसलं, उपाशी आहे ते."
चार्जर तव्यावरून उतरवल्या थालीपिठासारखा.
"एक दिवा किती खातो?"
साठ मिलिअँपिअर. पूर्ण पांढरा असेल तर.
"मग गुणाकार कर की बाई."
वीजबिलाच्या पाकिटामागे केला:
पंधरा पूर्णांक छत्तीस अँपिअर,
आणि माझी वायर शेवयांएवढी.

एल्स्पेथ अठ्ठ्याहत्तरची.
घड्याळांच्या कारखान्यात तिने वीस वर्षं डाख दिला,
उजव्या तर्जनीवर एक पांढरा डाग आहे,
त्याबद्दल ती बोलत नाही.

शनिवारी बिस्किटांच्या डब्यातून सामान आणलं.
दहा अँपिअरचा पाच व्होल्टी सप्लाय,
जाड लाल-काळी वायर,
अंगठ्याएवढा कपॅसिटर ("पाय उलटे लावलेस तर फुटेल"),
पाच अँपिअरचा काचेचा फ्यूज.
ग्राउंड सगळ्यांत आधी जोडायचं,
सोडवायचं सगळ्यांत शेवटी.
डेटाच्या तारेला दारातच एक रेझिस्टर.
आणि वीज दोन्ही टोकांनी वाढायची.
हे मला लगेच कळलं,
पंगतीत शेवटच्या पानावर कोरडा भात येतो.

तरी ळ फाटलेलाच उमटला,
एक ओळ सरळ, एक उलटी.
दिवे नागमोडी ओवलेले असतात हे मला ठाऊक नव्हतं.
एल्स्पेथ हसली. तिची आई तागाच्या गिरणीत मागावर होती.
"धोटा उजवीकडून आला
की डावीकडूनच परत जाणार ना?"

तेजाची मर्यादा मी कोडात घातली,
दोनशे पंचावन्नपैकी चाळीस.
मग फ्यूज कशाला, मी विचारलं.
"कोड तू लिहिलायस म्हणून."

मंगळवारी रात्री बारा वाजता
काहीतरी नीटनेटकं करताना
मर्यादेची ओळ मीच पुसली.
फ्रीज, सिंक, माझे हात, खिडकीतला माझाच चेहरा,
सगळं एकदम पांढरं,
आणि टिक्.
अंधारात डोळ्यांपुढे हिरवे चौकोन तरंगत होते.
वीस पेन्सांची काच गेली.
घर होतं तिथेच होतं.

नाताळच्या आठवड्यात पॅनेल रस्त्याकडच्या खिडकीत लावलं,
वर पातळ बटर पेपर, डोळ्यांना बोचू नये म्हणून.
मला अक्षर लुकलुकायला हवं होतं.
"लुकलुक नको," एल्स्पेथ म्हणाली,
"नऊ नंबरच्या फर्गसला फिट्स येतात."
एवढंच.
लुकलुकीचं सगळं काढून टाकलं.
आता ळ चार सेकंदांत हळूहळू उजळतो,
चार सेकंदांत विझत येतो,
पूर्ण विझत मात्र नाही.

काल फर्गस खिडकीखाली उभा होता, नाक लाल.
"आडवा आठ आहे का? की चष्मा?"
आवाज आहे, मी म्हटलं, आणि करून दाखवला.
त्याने जीभ वळवली. ल.
पुन्हा. ड.
तिसऱ्यांदा थुंकी उडाली आणि तो आईकडे पळाला.

आतून एल्स्पेथ ओरडली,
पॅनेलच्या पाठीला हात लावून बघ, किती तापलंय.
लावला.
कोमट.